प्राणवायू आणि मिटलेले डोळे



मी आयुष्यभर मराठी शिकविली. तेव्हा वैद्यकातील एका प्रकरणाचा इतिहास मी का सांगावा, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझी वाट शब्दाची आहे. ‘ऑक्सिजन’ला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. ज्याच्या नावातच प्राण आहे तो अपाय करील, हे मनाला सहसा पटत नाही. इंग्रजीत असे नाव नसूनही तेथील वैद्यांना ते पटले नाही. त्या न पटण्याची किंमत सुमारे दहा हजार बालकांनी आपल्या दृष्टीने मोजली.

१९४२ साली बोस्टन येथील नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या काही बालकांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढुरका पडदा धरल्याचे नोंदविले. पुढील दहा वर्षांत हा विकार सुधारलेल्या देशांत झपाट्याने वाढला, आणि नवल असे की जेथे रुग्णालये अधिक सुसज्ज, तेथेच तो अधिक. आहार, जीवनसत्त्वे, प्रकाश अशा अनेक कारणांवर संशय घेण्यात आला. काचपेटीत अखंड सोडल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवून दिले की, जेथे प्राणवायू सढळ हाताने दिला जाई तेथे अंधत्व अधिक, आणि जेथे बेताने दिला जाई तेथे कमी.

संशय निर्माण झाला. पण कार्यकारणभाव उलगडला तो मांजरीच्या पिल्लांमुळे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ती जन्मतः डोळे मिटलेली असतात हेही आपण वाड्यावाड्यांतून पाहिले. त्या मिटलेल्या पापण्यांआड दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. अपुऱ्या दिवसांच्या मानवी बालकाची स्थितीही अशीच. लंडनचे नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी १९५३ व १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा पिल्लांना ७० ते ८० टक्के प्राणवायूत काही दिवस ठेविले. नंतर त्यांच्या डोळ्यांतील वाहिन्यांत काळी शाई भरून पाहिली, तेव्हा कोवळ्या वाहिन्या आक्रसून नाहीशा झालेल्या आढळल्या. पिल्ले साध्या हवेत परत आणल्यावर नव्या वाहिन्या फुटल्या. पण त्या वेड्यावाकड्या आणि दृष्टिपटल सोडून बाहेर पसरणाऱ्या. पूर्ण वाढलेल्या मांजरांच्या वाहिन्यांना मात्र असा धोका पोचला नाही. दोष प्राणवायूचा होता, तसाच तो वेळेचाही होता.

याचे मर्म पुढे अधिक स्पष्ट झाले. गर्भाशयात प्राणवायू कमी असतो, आणि ती उणीवच वाहिन्यांना वाढण्याची हाक देते. १९४८ साली मायकेलसन यांनी अशा एखाद्या द्रव्याचा तर्क केला होता. १९८९ साली वाहिनीवर्धक प्रथिन वेगळे काढण्यात आले, आणि १९९४ साली लोइस स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांना सातव्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत ७५ टक्के प्राणवायूत ठेवून जी पद्धत घालून दिली, तिचा उपयोग अजूनही होतो. प्राणवायू विपुल झाला की ती हाक थांबते आणि वाहिन्या सुकतात. मग उपाशी दृष्टिपटल आक्रोश करते, आणि वाहिन्या बेभान फुटतात. अखेर व्रण होऊन पटल ओढले जाते व सुटते. ‘अती तेथे माती’ या आपल्या म्हणीचा इतका शब्दशः प्रत्यय क्वचितच येत असेल.

मनुष्यांवरील पुरावा मिळविणे अधिक अवघड होते. वॉशिंग्टनच्या आर्नल पॅट्झ यांनी कमी प्राणवायूच्या गटाशी तुलना आरंभिली, तेव्हा बालकाचे हाल होतील या कळवळ्याने रात्रपाळीच्या परिचारिका प्राणवायूची कळ वाढवीत असत. या माउल्यांना दोष कसा द्यावा? त्यांची श्रद्धा त्या काळातील सर्वांचीच श्रद्धा होती. अखेर १ जुलै १९५३ रोजी अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन अभ्यास आरंभिला, आणि प्राणवायू आवरल्यास अंधत्व घटते हे सिद्ध झाले.

येथेच कथा संपती तर ती बोधकथा ठरली असती. पण इतिहास बोधकथेपेक्षा कठोर असतो. भयाने प्राणवायू इतका आखडला गेला की, १९७३ साली केनेथ क्रॉस यांनी अंदाज मांडला : एका बालकाची दृष्टी वाचविताना सुमारे सोळा बालकांचे प्राण गेले असावेत. अलीकडच्या मोठ्या चाचण्यांतही हाच पेच दिसला. रक्तातील प्राणवायूची पातळी खाली ठेविली तर नेत्रविकार घटतो, परंतु मृत्यू वाढतात. म्हणून आज सक्त मोजमाप करून मध्यममार्ग धरला जातो.

हा प्रश्न परदेशी म्हणून दूर सारता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील आरंभीच्या तीस विकारांत अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा हा नेत्रविकारही आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विकाराची तपासणी न झाल्यामुळे दृष्टी गेलेल्या एका मुलीला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपयांची भरपाई देवविली. ती मुलगी १९९६ साली जन्मली होती. म्हणजे अ‍ॅश्टन यांच्या पिल्लांनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. ज्ञान होते, ते त्या पाळण्यापर्यंत पोचले नव्हते. आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बालकाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत, असा संकेत आहे. वेळेवर लेसर उपचार झाल्यास दृष्टी बहुधा वाचते. वेळ टळली तर उपाय फारसा उरत नाही.

इंदुरातील या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी उद्या असे बालक जन्माला येईल. तेव्हा आजीआजोबांनी वैद्याला नम्रपणे एवढेच विचारावे : ‘डोळे तपासले का?’ आपली भाषा ज्या वायूला प्राण म्हणते, त्याचीही मात्रा विचारावी लागते. मिटल्या डोळ्यांच्या त्या मुक्या पिल्लांनी आपल्याला हे शिकविले. त्यांचे ऋण मान्य करून मी आपली रजा घेतो.