टिचकीचें मोल

जाहिरातीचा धंदा फार जुना आहे. परंतु जाहिरात पाहणाराच्या बोटाच्या एका हालचालीवर पैसे मोजण्याची रीत अवघ्या तीस वर्षांची आहे. समाजमाध्यमांवर जाहिराती टाकून घरबसल्या चार पैसे मिळविण्याची जी भाषा आज सुशिक्षित कुटुंबांतहि ऐकूं येते, तिचें मूळ या रीतींत आहे. हे पैसे कोणाच्या खिशांतून निघतात व कोणाच्या खिशांत पडतात, हें त्या रीतीच्या इतिहासावरून चांगलें उमगतें.

३ सप्टेंबर १८३३ रोजीं बेंजामिन डे यानें न्यूयॉर्क येथें 'सन' हें वर्तमानपत्र सुरू केलें. इतर पत्रें सहा सेंटांस विकलीं जात असतां त्यानें आपली किंमत एक सेंट ठेविली. तूट भरून निघावयाची ती जाहिरातींतून. वाचकाला पत्र स्वस्त द्यावें आणि त्याची नजर व्यापाऱ्याला विकावी, असा हा व्यवहार होता. खप वाढे तसा जाहिरातीचा दर चढे. पण हजारों वाचकांपैकीं किती जणांनीं आपली जाहिरात खरोखर वाचली, हें जाणण्यास व्यापाऱ्याजवळ कांहीं साधन नव्हतें. त्याची ही तक्रार दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकली.

इंटरनेटवर ती दूर होण्याचा मार्ग दिसला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरातीची पट्टी झळकली. तिच्यावर माऊसनें क्लिक केलें, म्हणजे टिचकी मारली, कीं पाहणारा जाहिरातदाराच्या पानावर जाई आणि त्या टिचकीची नोंद आपोआप होई. तरी पैसे मात्र जुन्या रीतीनें, जागेचे आणि मुदतीचे, दिले जात. १९९६ सालीं साबणाचा मोठा व्यापार करणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीनें याहूशीं करार करतांना अट घातली कीं, जितक्या टिचक्या पडतील तितक्यांचेच पैसे मिळतील. प्रकाशकांना तें रुचलें नाहीं. कारण जाहिरात नीरस निघाल्यास तिचा तोटा आतां त्यांच्या माथीं बसणार होता.

खरी क्रांति १९९८ सालीं झाली. बिल ग्रॉस यानें कॅलिफोर्नियांत 'गोटू' नांवाचें शोधयंत्र काढलें आणि चक्क शब्दांचा लिलाव मांडला. 'फुलें' किंवा 'विमा' असा शब्द कोणी शोधला, तर यादींत कोणाचें नांव वर लागावें हें बोलीवरून ठरे. पैसे मात्र टिचकी पडल्यावरच द्यावे लागत. कोणाची बोली किती, तो आंकडाहि यादींत उघड दाखविला जाई. गूगलनें ऑक्टोबर २००० मध्यें ॲडवर्ड्स ही योजना सुरू केली, ती दर्शनांच्या दरानें. टिचकीचा लिलाव तिनें फेब्रुवारी २००२ मध्यें स्वीकारला, परंतु त्यांत एक सुधारणा केली. केवळ बोली मोठी असून भागेना. लोक ज्या जाहिरातीवर अधिक वेळां टिचकी मारीत, तिला वर चढण्याची संधि मिळे. अशा रीतीनें वाचकाच्या पसंतीलाहि लिलावांत स्थान मिळालें.

२००३ सालीं गूगलची ॲडसेन्स योजना निघाली आणि या उत्पन्नाचा वांटा सामान्य माणसापर्यंत पोंचला. आपल्या पानावर जाहिरातीस जागा द्यावी व टिचक्यांच्या मोलांतून हिस्सा घ्यावा, इतकेंच त्याचें काम. हा हिस्सा शेंकडा ६८ असल्याचें कंपनीनें २०१० सालीं जाहीर केलें. समाजमाध्यमांची गोष्ट निराळी होती. फेसबुकनें नोव्हेंबर २००७ मध्यें आपली जाहिरात-योजना मांडली, तेव्हां मजकूर सभासदांचा आणि उत्पन्न कंपनीचें, असा प्रकार होता. सभासदाला पैसे हवे असल्यास त्यानें व्यापाऱ्याकडून दलाली घेऊन स्वतःच जाहिरात टाकावी. ॲमेझॉन कंपनी अशी दलाली १९९६ पासून देत आली; पण ती टिचकीवर नव्हे, तर विक्रीवर. पुढें विकत घेतलेली स्तुति मित्राच्या सल्ल्याच्या वेषांत फिरूं लागली. तेव्हां अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २००९ सालीं, आणि ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या मुंबईच्या संस्थेनें २०२१ सालीं, मोबदला घेतला असल्यास तसें उघड सांगावें, असा दंडक घातला.

जेथें मोजणीवर पैसा, तेथें खोटी मोजणी आलीच. कोणी प्रतिस्पर्ध्याचे पैसे उडविण्यासाठीं, तर कोणी आपला हिस्सा फुगविण्यासाठीं खोट्या टिचक्या पाडूं लागले. अशा टिचक्यांवरून झालेल्या दाव्यांत गूगलनें २००६ सालीं ९ कोटी डॉलरांपर्यंतची तडजोड मान्य केली. २०११ सालीं अमेरिकेच्या तपासयंत्रणेनें एस्टोनियांतील एक टोळी उघडकीस आणली. तिनें सुमारें ४० लाख संगणकांत शिरकाव करून निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविल्याचा आरोप होता.

परंतु सामान्य कुटुंबांना अधिक जवळून झोंबणारा प्रकार भारतांतच घडला. फेब्रुवारी २०१७ मध्यें उत्तर प्रदेश पोलिसांनीं नोइडा येथील एका कंपनीच्या चालकांस अटक केली. समाजमाध्यमांवरील दुव्यांवर टिचकी मारा आणि दर टिचकीस ५ रुपये घ्या, असें कंपनीचें आमिष होतें. मात्र त्याआधीं ५,७५० ते ५७,५०० रुपये भरून सभासद व्हावें लागे. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें सुमारें साडेसहा लाख लोकांकडून ३,७०० कोटी रुपये गोळा झाले होते, आणि नव्या सभासदांच्या पैशांतूनच जुन्यांची भागवाभागव चालली होती.

या घटनेचें मर्म वरील इतिहासाशेजारीं ठेवल्यास स्पष्ट होतें. 'सन' पत्रापासून ॲडसेन्सपर्यंत जाहिरातीचा पैसा माल विकणाराच्या तिजोरींतून निघाला आणि वाटेंत पत्राचा, शोधयंत्राचा किंवा पानाचा मालक आपापला वांटा घेत गेला. नोइडांत पैसा निघाला तो टिचकी मारणाराच्या शिलकेंतून. ज्याला कामाची मजुरी मिळावयाची, त्यालाच आधीं भरणा करावा लागला. आणि जेथें असा भरणा मागितला जातो, तेथें जाहिरातीचा धंदा नसून तिच्या नांवाखालीं चाललेली साखळी असते. २०२४ सालीं ॲडसेन्सनेंहि टिचकीचा हिशेब सोडून पुन्हां दर्शनांच्या हिशेबानें पैसे देण्यास आरंभ केला. मोजण्याची रीत अशी आणखीहि बदलेल. पैसा प्रथम कोणी दिला, हा प्रश्न मात्र गृहस्थानें प्रत्येक नव्या योजनेस विचारण्याजोगा आहे.