खटल्याविना कोठडी : दहशतवादाच्या संशयिताचे हक्क कोणते?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला अजमल कसाब याला विशेष न्यायालयाने ३ मे २०१० रोजी दोषी ठरविले. अटकेपासून निकालापर्यंत दीड वर्षही लागले नाही. याउलट, ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात झालेल्या बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात अटक झालेल्या नऊ जणांपैकी सात जणांना नुसता जामीन मिळण्यासच पाच वर्षे लागली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आरोपींना आरोपमुक्त केले, तेव्हा त्यांच्यावरील आरोपांची निश्चितीही झालेली नव्हती. म्हणजेच खटला उभा राहण्यापूर्वीच त्यांच्या आयुष्यातील दहा वर्षे संपली होती.

दहशतवादाच्या आरोपाखाली पकडलेल्या व्यक्तीला कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, हा प्रश्न अशा प्रकरणांमुळे वारंवार पुढे येतो. आरोप कितीही गंभीर असला तरी आरोपीचे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत, हे तत्त्व न्यायालयांनी अनेकदा मान्य केले आहे. मात्र या हक्कांचे स्वरूप पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. अटकेनंतरच्या पहिल्या टप्प्यातील बहुतेक हक्कांना तास आणि दिवसांची मुदत आहे. खटला किती काळात संपला पाहिजे, याला मात्र अशी मुदत नाही.

अटक आणि स्थानबद्धता

सर्वप्रथम अटक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. घडलेल्या किंवा घडत असलेल्या गुन्ह्याच्या संशयावरून होते ती अटक. पुढे गुन्हा घडू नये म्हणून प्रशासनाच्या आदेशाने डांबून ठेवणे म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये या दोहोंसाठी वेगवेगळ्या तरतुदी आहेत.

१९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीस कमाल बारा महिने स्थानबद्ध ठेवता येते. स्थानबद्धतेची कारणे सर्वसाधारणपणे पाच दिवसांत कळवावी लागतात आणि त्याविरुद्ध निवेदन करण्याचा हक्क संबंधित व्यक्तीस असतो. तीन आठवड्यांच्या आत हे प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते. मात्र या मंडळापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क या कायद्याने दिलेला नाही. येथे खटल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्थानबद्धता बेकायदा असल्याचे वाटल्यास उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात ‘हेबियस कॉर्पस’ याचिका करणे, हाच प्रमुख मार्ग उरतो.

दहशतवादाच्या बहुतेक प्रकरणांत मात्र स्थानबद्धता नव्हे, तर अटक होते. ती प्रामुख्याने १९६७ च्या बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्याखाली, म्हणजेच ‘यूएपीए’खाली केली जाते. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपुष्टात आला आणि २००२ चा ‘पोटा’ २००४ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी दहशतवादविषयक तरतुदी ‘यूएपीए’मध्ये घालण्यात आल्या. मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये हा कायदा अधिक कठोर करण्यात आला. महाराष्ट्रात काही प्रकरणांत १९९९ चा ‘मोक्का’ही लावण्यात आला आहे.

पहिले चोवीस तास

अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. ‘यूएपीए’खालील अटकही याला अपवाद नाही. अटकेची कारणे सांगणे हेही घटनात्मक बंधन आहे. ही कारणे केवळ तोंडी सांगून भागणार नाही, ती लेखी द्यावी लागतील, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ‘यूएपीए’च्या संदर्भात स्पष्ट केले आणि त्यांची अटक अवैध ठरविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील मिहीर शहा प्रकरणात न्यायालयाने हा नियम सर्व प्रकारच्या गुन्ह्यांना लागू केला. ही कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत असली पाहिजेत, असेही या निकालात म्हटले आहे.

याखेरीज, १९९६ च्या डी. के. बसू निकालानुसार अटकेचा पंचनामा तयार करणे, नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची माहिती कळविणे आणि कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक आहे.

वकिलाच्या हक्काबाबतचा महत्त्वाचा निर्णय खुद्द कसाबच्याच प्रकरणात झाला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच वेळी त्याला वकील घेण्याचा हक्क असल्याची आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो याची जाणीव दंडाधिकाऱ्याने करून दिली पाहिजे. यात कसूर करणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल, असेही न्यायालयाने बजावले. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

१८० दिवसांचे गणित

सर्वसाधारण गुन्ह्यात तपास ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण होऊन आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. ‘यूएपीए’मध्ये ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. त्याचप्रमाणे पोलिस कोठडीची मर्यादा पंधराऐवजी तीस दिवस आहे. मात्र ९० दिवसांनंतरची मुदतवाढ आपोआप मिळत नाही. तपासाची प्रगती आणि आरोपीला आणखी कोठडीत ठेवण्याची विशिष्ट कारणे नमूद करणारा अहवाल सरकारी वकिलाने न्यायालयात सादर करावा लागतो. मुदतवाढीचा विचार होत असताना आरोपीला हजर ठेवून त्याची कल्पना दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुजरातमधील संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या प्रकरणात सांगितले.

हा जामीन म्हणजे न्यायालयाची मेहेरबानी नव्हे. तो अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात म्हटले. मात्र तो मुदतीत मागावा लागतो. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने १९९४ मध्येच स्पष्ट केले होते, की आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी हा हक्क बजावला नाही, तर तो पुढे उरत नाही.

या नियमाचे परिणाम एल्गार परिषद-कोरेगाव भीमा प्रकरणात दिसले. पुण्यातील ज्या न्यायालयाने तपासाला मुदतवाढ दिली त्याला तसा अधिकारच नव्हता, असा निष्कर्ष काढून मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी सुधा भारद्वाज यांना ‘डिफॉल्ट’ जामीन मंजूर केला. त्याच प्रकरणातील अन्य आठ आरोपींना मात्र तो नाकारण्यात आला. त्यांनी मुदतीत तसा अर्ज केला नव्हता, हे त्याचे कारण होते.

जामिनाची भिंत

आरोपपत्र दाखल झाल्यानंतर खरी अडचण सुरू होते. ‘यूएपीए’चे कलम ४३-ड (५) असे सांगते, की केस डायरी किंवा आरोपपत्र पाहता आरोप सकृद्दर्शनी खरे मानण्यास वाजवी कारणे आहेत असे न्यायालयाचे मत झाले, तर आरोपीला जामीन देता येणार नाही. अटकपूर्व जामिनाची सोयही या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी वटाली प्रकरणात या कलमाचा अर्थ अधिक काटेकोर केला. जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची सखोल छाननी करायची नाही, एकंदर शक्यता पाहून मत बनवायचे, असे त्या निकालाने ठरले. परिणामी पोलिसांचा पुरावा पारखला जाण्याची वेळ खटल्याच्या सुनावणीपर्यंत पुढे गेली. सुनावणी लांबली, तर तोपर्यंत आरोपी तुरुंगातच राहतो.

एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक झालेले फादर स्टॅन स्वामी यांना कंपवाताचा विकार होता. जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्यावरील खटला सुरू झालेला नव्हता.

विलंब हेच जामिनाचे कारण

या भिंतीला पहिले मोठे खिंडार १ फेब्रुवारी २०२१ रोजी पडले. केरळमधील प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या प्रकरणातील आरोपी के. ए. नजीब पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. वाजवी मुदतीत खटला संपण्याची शक्यता नसेल आणि शिक्षेचा मोठा भाग कोठडीतच गेला असेल, तर कलम ४३-ड (५) असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितले.

त्याच आधारे पुढे काही आरोपींना दिलासा मिळाला. जवळपास पाच वर्षे कोठडीत असलेले व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना २८ जुलै २०२३ रोजी जामीन मिळाला. पुराव्याची प्राथमिक पातळीवर तरी पारख झालीच पाहिजे, असेही त्या निकालात म्हटले होते. बनावट नोटांच्या प्रकरणात मुंबईत अटक झालेल्या आणि चार वर्षे कोठडीत असलेल्या आरोपीला ३ जुलै २०२४ रोजी जामीन देताना न्यायालयाने बजावले, की आरोपीला जलद खटल्याचा हक्क देण्याची व्यवस्था सरकारकडे नसेल, तर गुन्हा गंभीर असल्याच्या कारणावरून सरकारने जामिनाला विरोध करू नये.

तथापि, न्यायालयाची भूमिका सर्वत्र एकसारखी नाही. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी गुरविंदर सिंग प्रकरणात ‘यूएपीए’खाली जामीन हा अपवाद असल्याचे मत दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने व्यक्त केले, तर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जलालुद्दीन खान प्रकरणात अन्य खंडपीठाने विशेष कायद्यांतही जामीन हाच नियम असल्याचे म्हटले. त्यामुळे किती वर्षांचा विलंब ‘फार’ समजायचा, याचे उत्तर प्रकरणागणिक बदलते.

शासनाची बाजू

अशा कायद्यांच्या समर्थनार्थ मांडले जाणारे मुद्देही दुर्लक्षिता येणार नाहीत. दहशतवादी कटाचे धागेदोरे अनेक राज्यांत आणि परदेशांत पसरलेले असतात, साक्षीदारांवर दडपण येते आणि जामिनावर सुटलेला आरोपी फरारी होण्याचा धोका असतो. याच कारणांस्तव सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तार सिंग प्रकरणात ‘टाडा’ वैध ठरविला. मात्र कठोर तरतुदी वैध ठरवितानाच जलद खटला हा आरोपीचा मूलभूत हक्क असल्याचेही त्याच निकालात मान्य करण्यात आले होते.

विलंबाचा फटका केवळ आरोपीलाच बसत नाही. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. त्या खटल्याचा निकाल जवळपास १७ वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी लागला आणि सातही आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. त्यांच्यापैकी लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांनी जामीन मिळेपर्यंत जवळपास नऊ वर्षे कोठडीत काढली होती. ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेगाड्यांतील स्फोटांच्या प्रकरणात एका आरोपीची २०१५ मध्ये निर्दोष मुक्तता झाली, तीही नऊ वर्षांच्या तुरुंगवासानंतर. उर्वरित बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरविले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी स्पष्ट केले. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. या स्फोटांत आप्त गमावलेल्यांना, खरे गुन्हेगार कोण, याचे उत्तर मिळालेले नाही.

सुटकेनंतर काय?

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीला गमावलेल्या वर्षांची भरपाई मागण्याचा निश्चित वैधानिक हक्क भारतात नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या प्रकरणात ‘पोटा’खाली दोषी ठरलेल्यांची सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये निर्दोष मुक्तता केली. त्यांच्यापैकी काहींनी मागितलेली भरपाई मात्र २०१६ मध्ये नाकारण्यात आली. चुकीच्या खटल्यांबद्दल भरपाईचा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली आहे.

आणीबाणीच्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावण्याचाही अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दिला होता. न्या. ह. रा. खन्ना यांचे एकट्याचे मत विरोधी होते. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ चा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो जुना निकाल रद्दबातल ठरविला. आज न्यायालयाचे दार संशयितासाठी उघडे आहे. प्रश्न आहे तो आत गेल्यानंतर खटला कधी चालणार, याचा.

राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याच्या कलम १९ मध्ये याचे उत्तर लिहिलेलेच आहे. विशेष न्यायालयातील खटला कामकाजाच्या प्रत्येक दिवशी, रोजच्या रोज चालविला जावा आणि त्याला आरोपीवरील अन्य खटल्यांपेक्षा प्राधान्य मिळावे, असे हे कलम सांगते. कसाबच्या खटल्याने असे करता येते हे दाखवून दिले. मालेगावच्या दोन्ही प्रकरणांनी, तसे न केल्यास काय होते, ते दाखविले.