माळ्यावरचा इतिहास

मी आरोंद्याहून बोलतेय, आमच्या बचत गटांची समन्वयक म्हणून.

पावसाळा संपला की भंगारवाल्याचा टेम्पो वाडीवाडीत फिरू लागतो. माळ्यावरची गंजलेली आडाळी, मूठ मोडलेला कोयता, पितळी अडकित्ता, सगळं वजनावर जातं. माळा मोकळा होतो, चार पैसेही मिळतात. पण त्या टेम्पोतून आणखी काय जातं, ते आज बघूया.

शाळेच्या इतिहासात आपण राजे आणि लढाया शिकलो. त्या सैन्याचं भात कोणी कांडलं, पीठ कोणी दळलं, हे पुस्तकात सापडत नाही. ते सापडतं हत्यारांत आणि भांड्यांत.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी हे फार आधी ओळखलं. त्यांचा जन्म 1896 सालचा. चष्म्याचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यात अडकित्ते, दिवे, विळ्या, पाय घासायच्या वज्री अशा रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तू होत्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. आज तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. तिथे दक्षिणेत बाणावलीला विक्टर ह्युगो गोम्स यांनी 2009 साली 'गोवा चित्र' हे संग्रहालय सुरू केलं. नांगर, घाणे, मापं, कारागिरांची हत्यारं अशा चार हजारांहून जास्त वस्तू त्यांनी जमवल्या. पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड आणि दारं-खिडक्या वापरून इमारत बांधली.

तिसरा संग्रह मात्र वस्तूंचा नाही, आवाजाचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं थांबलं की ओवीही थांबते, हे त्यांनी वेळेवर जाणलं. नुसता दगड राहिला असता, तर दळणारीच्या मनात काय होतं ते कळलं नसतं.

आता आपल्या घरात या. जमिनीत पुरलेलं व्हायन अजून काही घरांत आहे. त्यातलं मुसळ हातात घेऊन बघा. मधोमध ते गुळगुळीत आणि बारीक झालेलं असतं. सासू, आजेसासू, त्यांच्याही आधीच्या बाया, किती हातांनी ते झिजलं असेल! भातगिरण आली आणि ते कष्ट सुटले. ते परत यावेत असं कोणालाच वाटत नाही, मलाही नाही. पण ते कष्ट झाले होते याचा पुरावा एवढाच उरलाय. त्या कामाची मजुरी कुठल्या वहीत लिहिलेली नाही.

पायली आणि शेराचंही तसंच. चार शेरांची एक पायली हा हिशेब आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. 1956 च्या कायद्याने किलो-लिटर आणले आणि ती मापं हळूहळू माळ्यावर गेली. 'आजीला अक्षरओळख नव्हती' असं आपण सहज म्हणतो, पण वर्षभराच्या धान्याचा हिशेब तीच ठेवायची.

म्हणून तीन कामं सुचवते. पहिलं, वस्तू विकण्याआधी घरातल्या जाणत्या बाईला विचारा. वस्तूचं आपल्या बोलीतलं नाव, लाकूड कोणतं, कोणत्या लोहाराने घडवली, कोण वापरायचं, हे चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. वस्तू उद्याही मिळेल, सांगणारी मिळेलच असं नाही.

दुसरं, निगा. लोखंडाचा गंज नारळाच्या सोडणाने आणि राखेने घासून काढा, कोरडं पुसून खोबरेल लावा. पितळेला आमसूल चालतं. लाकडी वस्तू जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते.

तिसरं, वापर. धार लावलेली आडाळी आजही नारळ छान खवते. पाट्यावरच्या वाटपाला गिऱ्हाईक आहे. पण गटाने असा माल विकायला काढला, तर वाटायला लागलेले तास वहीत लिहा आणि ते किमतीत धरा. 'हातचं आहे, घरचंच आहे' म्हणून मजुरी सोडून देऊ नका. आपल्या आज्यांचे तास कोणी मोजले नाहीत, आपले आपण मोजूया.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणि तिची चिठ्ठी घेऊन यायचं. वस्तू घरीच राहील, चिठ्ठीची नक्कल गटाच्या वहीत चिकटवू.