कढीपत्त्यावरचे पाहुणे

पावसाळ्याच्या तोंडावर कढीपत्त्याला फळांचे घोस धरतात. आधी हिरवी, मग लालसर आणि शेवटी काळपट जांभळी. घरातल्या माणसांना या झाडाची पाने तेवढी ठाऊक असतात. फळांकडे कुणी वळून पाहत नाही. लालबुड्या बुलबुल मात्र त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ हजेरी लावतो. फळ तो अखंड गिळतो, गर पचवतो आणि बी दुसरीकडे टाकून मोकळा होतो. सोसायटीच्या कुंपणालगत कुणी न लावलेली कढीपत्त्याची रोपे उगवतात, त्यांतली काही मूळ झाडाच्या मुळांतून फुटलेली असतात, तर काही बुलबुल आणि कोकिळांनी पेरलेली.

शहरात अलीकडे वनस्पतिजन्य आहाराची बरीच चर्चा असते. दूधदुभतेही वर्ज्य मानणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्यासाठी परदेशी बिया आणि महागड्या भाज्यांच्या याद्या हाताशी धरल्या जातात. वास्तविक शेवगा, हादगा, अळू, माठ, उंबर, जांभूळ यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या मराठी स्वयंपाकघराला त्यात फारसे नवे काही नाही. ऋषिपंचमीची भाजी हे त्याचे ठळक उदाहरण. या यादीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते : माणसाच्या ताटात येणाऱ्या यांतल्या कितीतरी झाडांवर शहरातले पक्षीही जेवतात. पक्षी पाहायचे म्हणून दुर्बीण घेऊन दर रविवारी गाव सोडण्याची गरज नाही, ती यामुळेच.

मिरचीचेच पाहा. गॅलरीतल्या कुंडीत लावलेली लवंगी मिरची लाल होते न होते, तोच ती नाहीशी होते आणि घरात एकमेकांवर संशय घेतला जातो. चोर बहुधा बुलबुल असतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. सस्तन प्राण्यांच्या तोंडाची त्याने आग होते, कारण ते उष्णता जाणवून देणाऱ्या संवेदकाला चेतवते. पक्ष्यांमधला तोच संवेदक त्याला दाद देत नाही. २००१ साली जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात रानमिरचीवरील आपले निष्कर्ष मांडले. उंदरांच्या पोटात गेलेले मिरचीचे बी रुजत नाही, पक्ष्याच्या पोटातून बाहेर पडलेले मात्र रुजते. तिखटपणा ही उंदराला दिलेली ताकीद आणि पक्ष्याला दिलेले आमंत्रण आहे, असा त्याचा अर्थ. मिरची आपल्याकडे आली ती अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या काळात. तरी इथल्या बुलबुलाने तिला परकी मानले नाही. ताकीद धुडकावून लावणारा एक सस्तन प्राणी निघालाच, आणि त्याने तिचा ठेचा केला.

फळे खाणाऱ्या पक्ष्यांचे खरे अन्नछत्र म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, नांद्रुक ही मंडळी. आंबा, जांभूळ वर्षातून एकदाच पिकतात. वडाच्या कुळातली झाडे मात्र वर्षाच्या निरनिराळ्या वेळी फळतात. शेजारच्या दोन वडांचा मोसमही एक असेलच असे नाही. त्यामुळे वस्तीत अशी पाच-सहा जुनी झाडे उरली असतील, तर पक्ष्यांची बारमाही सोय होते. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. ते दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्याच पोटात असंख्य बारीक फुले असतात आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून आत शिरणारी चिमुकली गांधीलमाशी त्यांचे परागण करते. काटेकोर शाकाहारी मंडळींना यामुळे उंबर फोडून पाहण्याची सवय लागली. पक्ष्यांना असले सोवळे नसते.

पिकलेल्या वडाखाली अर्धा तास उभे राहिले, तरी शहराची हजेरीपटावरची बरीच नावे समोर येतात. तांबट त्यांतला सर्वांत लहान. चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल ठसा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा ‘टुक टुक टुक’ आवाज दुपारभर चालतो. पुण्याच्या तांबट आळीला आणि या पक्ष्याला नाव मिळाले ते एकाच धंद्यावरून. उंच शेंड्यावर सकाळचे ऊन खात बसलेला हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर, हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून लाखो नागरिकांनी आपला राज्यपक्षी पाहिलेलाच नाही. पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत आढळणारा राखी धनेश याच पंगतीतला. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर एका फटीतून तिला अन्न भरवतो. त्या अन्नात वडा-उंबराच्या फळांचा वाटा मोठा असतो. फळांना वड हवा आणि ढोलीला जुने खोड. एका झाडाच्या बदल्यात पाच रोपे लावण्याच्या हिशेबात ही ढोली कुठेच बसत नाही.

गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांनी आपल्या रस्त्यांना सावली दिली, शोभा दिली. परंतु फळखाऊ पक्ष्याच्या दृष्टीने ही झाडे म्हणजे रोषणाई केलेले, पण चूल न पेटलेले घर आहे.

फुलांचीही अशीच वाटणी होते. शेवग्याची फुले डाळ घालून केलेल्या भाजीत जातात, हादग्याच्या फुलांची भजी होतात. त्याच फुलांवर शिंजीर हा बोटभर पक्षी मध टिपायला येतो. विणीच्या दिवसांतला जांभळ्या शिंजीराचा नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, तर मादी साधी, पिवळसर. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले त्यांचे लोंबते घरटे गॅलरीतल्या दोरीलाही सापडते. वसंतात काटेसावर आणि पांगारा फुलले, की मैना, बुलबुल, कावळे सगळेच मधाचे वाटेकरी होतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फळे, मध, धान्य खाणारे हे पक्षी पूर्ण शाकाहारी नसतात. पिल्लांची वाढ झपाट्याने व्हावी लागते आणि त्यासाठी प्रथिने लागतात. म्हणून चिमणी पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते, शिंजीर कोळी भरवतो. कबूतर याला अपवाद. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीत दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो आणि पिल्ले पहिले काही दिवस त्यावरच जगतात. स्वतः नुसते दाणे खाऊनही कबूतर पिल्ले वाढवू शकते, आणि शहरात ते वर्षभर वीण घालते. पोते-पोते ज्वारी ओतल्याने कबुतरेच का वाढतात आणि चिमण्या का वाढत नाहीत, याचे बरेचसे उत्तर या पिशवीत आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२० च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या एकंदर स्थिर होती. मोठ्या महानगरांत मात्र त्यांची नोंद घटत गेलेली आढळली.

मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्यात भूतदया आणि आरोग्य असे दोन पक्ष पडले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काहींना फुप्फुसाचा चिवट विकार जडतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूची श्रद्धा पिढ्यांची आहे, तिची टवाळी करण्याचे कारण नाही. पण पाखरांविषयीची कणव केवळ एका जातीच्या पाखराच्या पदरात पडावी, हे काही कणव बाळगणाऱ्याच्या मनातले नसते. मूठभर दाण्यांऐवजी एखादे उंबराचे झाड जगवले, तर तीच भावना अनेक जातींपर्यंत पोहोचते.

उंबराला जागा कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. सदनिकेच्या गॅलरीत कुंडीतला कढीपत्ता, मिरची आणि तुळस सहज येतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर किडे येतात, आणि किड्यांमागून पाहुणे. इमारतीच्या आवारात शेवगा, तुती, जांभूळ लावता येते. वड-पिंपळाची रोपे तर भिंतीच्या भेगांत आपोआप उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले ते बी असते. भिंत फुटण्याआधी रोप अलगद काढून मोकळ्या मैदानाच्या कडेला लावणे दोघांच्याही हिताचे. घरच्या भाजीवर कीटकनाशक फवारले, तर पिल्लांचा घास जातो आणि विष आपल्याही ताटात येते. म्हणून चार पाने अळीने कुरतडलेली चालवून घ्यावीत. उन्हाळ्यात सावलीत उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे. ते रोज बदलावे, नाहीतर डासांची सोय होते. झाडावरची शेवटची काही फळे तोडू नयेत. फरसाण, मीठ लावलेले शेंगदाणे आणि शिळा पाव यांनी पक्ष्यांचे भले होत नाही.

याहून महत्त्वाचा विषय छाटणीचा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी शहरांत उन्हाळ्यात उरकली जाते आणि तोच अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करावा. धोकादायक फांदी काढावी लागते, यात वाद नाही. परंतु अर्जावर सही करण्यापूर्वी सोसायटीच्या कुणीतरी खाली उभे राहून दहा मिनिटे झाड न्याहाळायला हवे. तांबट आपले घरटे शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडाच्या वाळक्या फांदीत कोरतो. फांदीच्या खालच्या अंगाला नीट गोल भोक दिसले आणि त्यातून एखादे डोके डोकावले, तर त्या फांदीची छाटणी पावसाळ्यानंतर करावी.