झोपेत थांबणारा श्वास

नगर जिल्ह्यात कुणाच्या घरी मानेच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हा भाग त्यांनाही ऐकवा.

1962 साली अमेरिकेत सेव्हरिंगहाउस आणि मिचेल या डॉक्टरांनी तीन पेशंटची नोंद केली. मेंदूचा देठ आणि मानेतला वरचा मज्जारज्जू, इथं ऑपरेशन झालेलं. जागेपणी सांगितलं की श्वास घ्यायचे. झोपले की मशीन लागायचं. म्हणजे मुद्दाम घेतलेला श्वास आणि आपोआप चालणारा श्वास यांच्या वाटा वेगळ्या, पण दोन्ही मानेतूनच जातात.

असं क्वचितच होतं. जास्त काळजी घशाच्या सुजेची आणि आधीपासूनच्या स्लीप ॲप्नियाची. त्यावर 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिवन यांनी सीपॅप मशीन आणलं. पण आधी कळायला तर हवं! घरातलं माणूस घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीच सांगा.