घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

घरात कुणी जोरात घोरत असलं की आपण म्हणतो, 'दमलाय बिचारा, झोपू द्या.' पण ते घोरणं मधेच थांबतं, काही सेकंद श्वासच नसतो आणि मग माणूस गुदमरल्यासारखा दचकतो, तेव्हा? तो स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते.

१९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी झोपेतला श्वास मोजून हे दाखवलं. पण तेव्हा खात्रीचा उपाय एकच, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि तिला हवा ओढण्याऐवजी फुंकायला लावलं. नाकावरच्या मास्कमधून गेलेल्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहिला. १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच पेशंटांवरचा हा प्रयोग छापून आला. आजचं सीपॅप मशीन त्यातूनच आलं.

स्टिअरिंगवर डुलकी लागणाऱ्या प्रत्येकाला आळशी ठरवू नका. रात्री थांबलेला श्वास बहुतेकदा त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपलेल्याला कळतो. आज रात्री जरा कान देऊन ऐका. शंका आली तर डॉक्टरांना नक्की सांगा.