फैजपूरचा बांबू आणि आपले चौक

'फैज' हा अरबी शब्द. ओसंडून वाहणे हा त्याचा मूळ अर्थ. कृपा, औदार्य, दुसऱ्याला होणारा लाभ हे त्यावरून आलेले अर्थ. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात या शब्दाचे नाव धारण करणारे गाव आहे, फैजपूर. इतिहासाच्या पुस्तकात त्याची ओळख एका ओळीत आटोपते: खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला, हेही कोणी सांगतो. पण ते अधिवेशन ज्या जागेवर भरले ती जागा कशी उभी राहिली, हे फारसे सांगितले जात नाही. आज तेच सांगायचे आहे, कारण त्याचा संबंध आपल्या मोहल्ल्यांशी आणि चौकांशी आहे.

तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशने शहरांत होत. ती खेड्यात व्हावीत हा गांधीजींचा आग्रह होता. पूर्व खानदेशात धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखे कार्यकर्ते कामाला लागले. मोकळ्या शेतजमिनीवर 'टिळकनगर' वसवायचे होते. त्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार आहोत, बांधकाम आपले क्षेत्र नव्हे, असे नंदबाबूंनी सांगून पाहिले. गांधीजींनी ते मानले नाही. त्यांची अपेक्षा साधी होती: आसपास जे मिळते तेच साहित्य वापरायचे आणि गावच्या कारागिरांच्या हातून काम करून घ्यायचे. म्हात्रे नावाचे वास्तुतज्ज्ञ सोबत होते. बांबू आणि चटई यांसारख्या साध्या वस्तूंतून प्रवेशद्वारे, मंडप आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन उभे राहिले. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. बैलजोड्यांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या कामाचे श्रेय नंदबाबू आणि म्हात्रे यांना जाहीरपणे दिले.

अधिवेशन संपले आणि टिळकनगर उतरवले गेले. सुमारे चौदा महिन्यांनी भरलेल्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदबाबूंनी केलेली चित्रे कागदावर होती, म्हणून ती टिकली आणि कलेच्या इतिहासात गेली. फैजपूरचे काम बांबूचे होते. ते राहिले नाही, म्हणून आठवणीतूनही गेले.

मात्र बांबूच्या कामट्यांतून चार दिवसांची सुंदर वास्तू उभी करणे ही महाराष्ट्रातल्या गावांना नवी गोष्ट नव्हती. मोहरमचा ताबूत हेच तर होता. कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, बेगड आणि जाळीची नक्षी. खर्च वर्गणीतून, मेहनत मोहल्ल्याची. काही दिवस तो लोकांसमोर असे आणि दहाव्या दिवशी विसर्जित होई. धर्मशास्त्राच्या अंगाने ताबुतांविषयी आपल्यातच मतभेद आहेत, तो वाद इथे नको. सामाजिक इतिहास म्हणून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: ताबूत फक्त मुसलमानांचा नव्हता. हिंदू घरांतून नवस बोलले जात, हिंदू वाजंत्री पुढे असत, वर्गणीही येत असे. निदान त्या दिवसांपुरता तो चौक सगळ्यांचा असे.

ही वीण उसवली १८९३ मध्ये. मुंबईत त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठी दंगल झाली. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचार झाला. एका चौकाचे दोन चौक झाले. धुळ्यात १८९५ साली गणपतीच्या मिरवणुकीवरून मशिदीसमोर संघर्ष पेटला, रक्त सांडले. मशिदीला 'खुनी मशीद' आणि गणपतीला 'खुनी गणपती' हे नाव तेव्हापासून चिकटले.

पण धुळेकरांनी त्या नावावर गोष्ट संपू दिली नाही. आज त्या गणपतीची पालखी मशिदीसमोर येते तेव्हा मुस्लिम बांधव फुले उधळून तिचे स्वागत करतात. जिथे रक्त सांडले तिथेच आरती होते. रस्ता तोच आहे, भिंतीही त्याच आहेत. बदलले आहे ते त्या जागेवर माणसांचे वागणे.

हेच धुळे ६ जानेवारी २०१३ ला पुन्हा पेटले. हॉटेलच्या बिलावरून झालेली बाचाबाची दंगलीपर्यंत गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. जून २०२३ मध्ये तिथल्याच एका चौकातले टिपू सुलतानचे स्मारक बेकायदा ठरवून हटवण्यात आले. इतर अनेक बेकायदा बांधकामांकडे डोळेझाक होते आणि आमच्याच बाबतीत कायदा तत्पर होतो, ही समाजाची तक्रार खोटी नाही. ती मांडलीच पाहिजे.

तरीही स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. चौक आपला आहे हे सांगण्यासाठी आपल्याला एखाद्या नावाचा फलक, एखादा झेंडा, एखादा पुतळा किंवा स्तंभच का लागतो? दुसरा समाजही तेच करतो. मग चौक म्हणजे हद्दीचा दगड होतो. जळगावात एका चौकाला 'काव्यरत्नावली'चे नाव आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले आणि सुमारे अर्धशतक चाललेले ते कवितेचे मासिक. त्या नावापुढे कोणालाही परके वाटण्याचे कारण नाही.

हल्ली स्वच्छतेच्या मोहिमांत शहरांच्या भिंती रंगवल्या जातात. ठेकेदार येतो, ठरलेली चित्रे काढतो, निघून जातो. ज्याच्या घरासमोरची भिंत आहे त्याला कोणी विचारत नाही. वर्षभरात तिथे पुन्हा कचरा पडतो. फैजपूरची रीत उलटी होती. कलाकार बाहेरून आला, पण साहित्य इथले होते आणि हातही इथले होते.

आपल्या मोहल्ल्यांत रंगारी, सुतार, वेल्डर, गवंडी, पेंटर यांची काय कमतरता आहे? शेजारच्या आळीतही तेच कारागीर आहेत. कामावर रोज एकत्र असतात; परक्याचे घर एकत्र रंगवतात आणि संध्याकाळी आपापल्या हद्दीत परततात. दोन वस्त्यांच्या मधली एखादी भिंत, उर्दू शाळा आणि मराठी शाळा यांच्या मधला एखादा रस्ता त्यांनी आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून रंगवायला घेतला, तर त्याला परवानगी आणि थोडा रंग यापलीकडे फार काही लागणार नाही. चित्र चार पावसाळ्यांत उडून जाईल. जाऊ द्या. फैजपूरचे टिळकनगर गेले, ताबूतही दरवर्षी जातच होते. चित्र उडाले की पुन्हा रंगवण्यासाठी दोन्हीकडच्यांना पुन्हा एकत्र यावे लागेल.